रँग्लरचा शब्द

‘रँग्लर परांजपे’ हे नाव महाराष्ट्राच्या तोंडी असे बसले, की त्यांचे खरे नाव रघुनाथ पुरुषोत्तम, हे पुष्कळांना मुद्दाम सांगावे लागते. केंब्रिजच्या गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत पहिल्या वर्गात उतरणाऱ्याला रँग्लर म्हणत, आणि त्यांतल्या पहिल्याला सीनियर रँग्लर! १८९९ साली हा मान प्रथमच एका भारतीयाला, दुसऱ्या एका विद्यार्थ्याच्या बरोबरीने, मिळाला. हा भारतीय दापोलीजवळच्या मुर्डी गावचा. जन्म १६ फेब्रुवारी १८७६ चा. शिकण्याच्या दिवसांत आधार मिळाला तो नात्यातल्याच धोंडो केशव कर्व्यांचा.

असा मुलगा घरी परतला म्हणजे आईबापांच्या डोळ्यांपुढे काय उभे राहते, हे वाचकांना सांगायला नकोच. मोठा हुद्दा, बंगला, गाडी! पण परांजप्यांनी पुण्याच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीला सेवेचा शब्द दिला होता. तिथल्या आजीव सदस्याचा पगार पाऊणशे रुपये. परांजप्यांनी शब्द पाळला. ऐन पंचविशीच्या सुमारास, १९०२ मध्ये, ते फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले आणि दोन दशकांहून अधिक काळ त्या खुर्चीत राहिले.

ही खुर्ची काही फुलांची नव्हती. १९०५ साली विनायक दामोदर सावरकर नावाच्या विद्यार्थ्याने पुण्यात परदेशी कापडाची होळी केली. प्राचार्यांनी त्याला दहा रुपये दंड केला आणि वसतिगृहातून काढले. ‘केसरी’तून टिळकांनी झोड उठवली. परांजपे नेमस्त पक्षाचे. कॉलेज राजकारणापासून दूर ठेवावे, ही त्यांची भूमिका. लोकांना ती रुचली नाही, आणि तो निर्णय चुकला असे आजही अनेकांना वाटते. पण टाळ्यांसाठी मत बदलणे हे त्यांच्या स्वभावातच नव्हते.

हाच स्वभाव दुसरीकडे उजळून दिसतो. १९१६ मध्ये कर्व्यांनी महिला विद्यापीठ काढले, तेव्हा मुलींचे वेगळे विद्यापीठ ही कल्पना अनेकांना हसण्यावारी न्यावीशी वाटत होती. त्याचे पहिले कुलगुरू झाले परांजपे. पुढे त्यांनी मुंबई इलाख्याचे शिक्षणमंत्रिपद सांभाळले, १९३२ ते १९३८ लखनौ विद्यापीठाचे कुलगुरुपद भूषविले, १९४४ ते १९४७ ऑस्ट्रेलियात हिंदुस्थानचे हाय कमिशनर म्हणून काम केले. आणि १९५६ मध्ये, ऐंशीव्या वर्षी, लोक काठी शोधतात त्या वयात ते पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले! देवधर्माच्या बाबतीत ते उघड बुद्धिवादी, आणि तेही त्यांनी कधी लपविले नाही.

मुलीच्या बाबतीत तरी त्यांनी वेगळे माप लावले का? नाही. कन्या शकुंतला यांनीही केंब्रिजला गणितच शिकले आणि पुढे संततिनियमनासारख्या, चारचौघांत उच्चारही न होणाऱ्या, विषयाला वाहून घेतले. नात सई परांजपे यांना तर चित्रपटामुळे आपण सारेच ओळखतो.

१९६१ मध्ये त्यांचे इंग्रजी आत्मचरित्र निघाले. नाव क्रिकेटच्या भाषेतले, ‘एटीफोर नॉट आऊट’. ६ मे १९६६ रोजी ही दीर्घ खेळी संपली.

दिवाळीच्या फराळाला मुलांच्या गुणांची आणि पगारांची चर्चा घरोघरी रंगते. त्या गप्पांत या पहिल्या नंबरच्या मुलाचा पाऊणशे रुपयांचा हिशेबही एकदा मांडून पाहावा. गणित त्याला आपल्यापेक्षा नक्कीच चांगले येत होते.