घरच्या पालेभाजीचे बी : पेरण्याआधी रंग पाहा

मेथी, पालक, राजगिरा कुंडीतही येतो. पण विकत आणलेले बी गुलाबी, निळे किंवा हिरवे दिसत असेल, तर त्याला बहुधा बुरशीनाशक चोळलेले असते. ते पेरायला हरकत नाही. उरलेले मात्र फोडणीत टाकू नका, मोड आणून खाऊ नका, कोंबड्यांनाही घालू नका. पेरल्यावर साबणाने हात धुवा. चुकून पोटात गेलेच, तर घरी उलटी करवू नका. पाकीट सोबत घेऊन लगेच दवाखाना गाठा.

त्यापेक्षा डब्यातली मेथी बरी. रात्रभर भिजवून अर्धा पेर खोल पेरा. तीन-चार दिवसांत उगवते, महिनाभरात भाजी होते. धने रगडून, दोन फाका करून पेरावेत. करकंबला एप्रिल-मेमध्ये पारा 40 अंशांवर जातो; तेव्हा पालक नीट उगवत नाही, राजगिरा लावा.

रक्त कमी असेल तर भाजीवर लिंबू पिळा, त्याने लोह अंगी लागते. पण लोहाच्या गोळ्या थांबवू नका. वॉरफेरिन घेणाऱ्यांनी कुंड्या भरल्या म्हणून एकदम जास्त पालेभाजी खाऊ नये. तिच्यातल्या के जीवनसत्त्वाने औषधाचा परिणाम कमी होतो. प्रमाण रोज सारखे ठेवा. वाढवायचे असेल तर आधी डॉक्टरांना सांगा.