संगणक क्लस्टर व्यवस्थापनातील असुरक्षित पूर्वनिर्धारित मांडणी

अनेक संगणक जोडून ते एका संचाप्रमाणे चालवणारे सॉफ्टवेअर प्रथम बसवताना जी सेटिंग्ज आपोआप लागू होतात, त्यांना पूर्वनिर्धारित किंवा डिफॉल्ट मांडणी म्हणतात. ही मांडणी पासवर्ड न विचारता आज्ञा स्वीकारत असेल, संपर्कमार्ग गरजेपेक्षा अधिक खुले ठेवत असेल किंवा वापरकर्त्यांना अवाजवी अधिकार देत असेल, तर ती असुरक्षित मानली जाते. सॉफ्टवेअरमधील चुकीपेक्षा हा दोष वेगळा आहे. येथे प्रोग्रॅम त्याच्या रचनाकारांनी ठरवल्याप्रमाणेच चालतो. मात्र ज्या परिस्थितीसाठी तो रचला गेला, ती परिस्थिती प्रत्यक्षात नसते. हॅडूप, कुबरनेटीस आणि रे या प्रणालींच्या संदर्भात या प्रकाराची विशेष चर्चा झाली आहे.

स्वरूप

क्लस्टरमधील प्रत्येक संगणकाला नोड म्हणतात. कोणते काम कोणत्या नोडवर चालवायचे, त्याला किती स्मृती व किती प्रोसेसर द्यायचे आणि एखादा नोड बंद पडल्यास काय करायचे, हे व्यवस्थापक सॉफ्टवेअर ठरवते. त्यासाठी सर्व नोडवर प्रोग्रॅम चालवण्याचा अधिकार त्याला असावाच लागतो. एकट्या संगणकावरील ढिली सेटिंग त्या संगणकापुरते नुकसान करते. व्यवस्थापकाची ढिली सेटिंग मात्र संपूर्ण क्लस्टर परक्याच्या हाती देऊ शकते, कारण घुसखोराला प्रत्येक नोड स्वतंत्रपणे फोडावा लागत नाही. व्यवस्थापकाला काम दिले की ते काम सर्वत्र पोहोचवणे हे व्यवस्थापकाचे नेहमीचेच कर्तव्य असते.

पार्श्वभूमी

क्लस्टरची मूळ कल्पना विश्वासू अंतर्गत जाळ्यावर आधारलेली होती. १९८० च्या दशकातील बर्कली युनिक्समध्ये आरएसएच ही आज्ञाप्रणाली होती. विश्वासू म्हणून नोंदवलेल्या संगणकावरून आलेली आज्ञा ती पासवर्डाशिवाय पाळत असे. २ नोव्हेंबर १९८८ रोजी पसरलेल्या मॉरिस वर्मने इतर मार्गांबरोबर याही विश्वासाचा फायदा घेतला. १९९४ मध्ये नासाच्या गोडार्ड केंद्रात थॉमस स्टर्लिंग व डोनाल्ड बेकर यांनी साध्या संगणकांपासून बेओवुल्फ क्लस्टर उभारला. त्यानंतर विद्यापीठे व संशोधन संस्थांमध्ये अशा रचना पसरल्या. त्यांत बाहेरच्या प्रवेशद्वारावर पहारा आणि आत सर्वांना मोकळीक अशी पद्धत रूढ झाली.

पुढे भाड्याने मिळणाऱ्या क्लाउड संगणकांवर काही मिनिटांत क्लस्टर उभारता येऊ लागला. अशा संगणकाला अनेकदा थेट इंटरनेटवरील पत्ता असतो. सॉफ्टवेअर मात्र अजूनही आपण बंद वाड्याच्या आत आहोत असे समजून वागत राहिले. समस्येचे मूळ या विसंगतीत आहे.

प्रमुख उदाहरणे

अपाचे हॅडूप : डग कटिंग व माइक काफारेला यांच्या कामातून २००६ मध्ये स्वतंत्र प्रकल्प म्हणून पुढे आलेल्या हॅडूपमध्ये प्रमाणीकरणाची पूर्वनिर्धारित पद्धत ‘सिंपल’ ही आहे. या पद्धतीत वापरकर्ता स्वतःचे जे नाव सांगेल, ते प्रणाली खरे मानते. कर्बेरॉस या प्रमाणीकरण पद्धतीची सोय नंतर उपलब्ध झाली, परंतु ती व्यवस्थापकाला स्वतः चालू करावी लागते. हॅडूपमधील यार्न या घटकाचा ८०८८ क्रमांकाचा पोर्ट इंटरनेटवर उघडा राहिल्यास कोणीही त्यावर काम सोपवू शकतो. २०१८ मध्ये उघडकीस आलेल्या डेमनबॉट या घातक प्रोग्रॅमने याच मार्गाने सर्व्हर ताब्यात घेऊन त्यांचा वापर इतर संकेतस्थळांवर हल्ले करण्यासाठी केला.

कुबरनेटीस : गूगलने २०१४ मध्ये खुली केलेली ही प्रणाली कंटेनरबद्ध प्रोग्रॅम चालवते. प्रत्येक नोडवर क्युबलेट नावाचा प्रतिनिधी असतो. वेगळी सूचना दिली नसल्यास क्युबलेट अनोळखी विनंत्या स्वीकारतो, अशी त्याची मूळ मांडणी होती. क्युबअॅडमिन या अधिकृत उभारणी साधनाने मात्र ती बदलून कडक केली. आजही वेगळे धोरण लावले नसल्यास क्लस्टरमधील सर्व पॉड, म्हणजे कंटेनरांचे गट, परस्परांशी संपर्क साधू शकतात. गोपनीय माहिती साठवण्यासाठी असलेली ‘सिक्रेट’ ही नोंद नावाप्रमाणे कूटबद्ध नसते. पूर्वनिर्धारित मांडणीत एटसीडी या साठवणीत ती कूटबद्ध न करताच ठेवली जाते.

फेब्रुवारी २०१८ मध्ये रेडलॉक या सुरक्षा कंपनीने टेस्ला कंपनीचा कुबरनेटीस नियंत्रणफलक पासवर्डाशिवाय उघडा असल्याचे जाहीर केले. घुसखोरांना तेथून अॅमेझॉनच्या क्लाउड सेवेच्या किल्ल्या मिळाल्या होत्या. त्यांनी टेस्लाच्या संगणकांवर आभासी चलन निर्माण करणारा प्रोग्रॅम चालवला आणि संशय येऊ नये म्हणून प्रोसेसरचा वापर मुद्दाम कमी ठेवला.

रे : कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेत सुरू झालेली ही प्रणाली कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रशिक्षणासाठी वापरली जाते. तिच्याकडे काम सोपवण्याच्या मार्गावर प्रमाणीकरण नव्हते. मार्च २०२४ मध्ये ऑलिगो या कंपनीच्या संशोधकांनी या त्रुटीचा गैरफायदा घेणारी मोहीम ‘शॅडोरे’ या नावाने प्रसिद्ध केली. रे ही विश्वासू जाळ्यातच चालवायची प्रणाली आहे, त्यामुळे हा दोष नसून रचनेचा भाग आहे, अशी भूमिका तिच्या निर्मात्यांनी घेतली होती. असुरक्षित मांडणीची जबाबदारी निर्मात्याची की वापरकर्त्याची, हा वाद या प्रकरणात स्पष्टपणे पुढे आला.

स्लर्म : महासंगणकांवर कामांची रांग लावणाऱ्या या प्रणालीत मुंज हे साधन प्रमाणीकरण करते. सर्व नोडवर एकच गुप्त किल्ली ठेवलेली असते. ती ज्याच्या हाती लागेल त्याला कोणत्याही वापरकर्त्याच्या नावाने आज्ञा देता येते. याशिवाय, वेगळी सेटिंग केली नसल्यास एका वापरकर्त्याला इतरांच्या कामांची नावे व तपशील दिसतात.

मांडणी न बदलण्याची कारणे

पूर्वनिर्धारित मांडणी तटस्थ नसते. बहुतेक ठिकाणी तीच अखेरपर्यंत टिकते. नवे सॉफ्टवेअर पहिल्याच प्रयत्नात चालू व्हावे, अशी निर्मात्यांची इच्छा असते, कारण प्रमाणपत्रे व किल्ल्या तयार करण्याच्या टप्प्यावर नवखा वापरकर्ता कंटाळून माघार घेतो. चाचणीसाठी उभारलेला क्लस्टर काही महिन्यांनी प्रत्यक्ष कामासाठी वापरला जातो आणि त्याची सेटिंग्ज तशीच राहतात. सर्व काही सुरळीत चालत असल्याने तपासणीची गरजही भासत नाही. बंद असलेला दरवाजा कामात अडथळा आणतो, म्हणून लगेच लक्षात येतो. उघडा दरवाजा मात्र घुसखोरी होईपर्यंत कोणाच्याच लक्षात येत नाही.

पुणे आणि भारतातील संदर्भ

पुणे हे भारतातील क्लस्टर संगणनाचे प्रमुख केंद्र आहे. १९८८ मध्ये येथे स्थापन झालेल्या प्रगत संगणन विकास केंद्राने, म्हणजेच सी-डॅकने, १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक तयार केला. पाषाण येथील भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत २०१८ मध्ये प्रत्युष आणि २०२४ मध्ये अर्क या प्रणाली कार्यान्वित झाल्या. मान्सूनच्या अंदाजासाठी त्यांचा उपयोग होतो. २६ सप्टेंबर २०२४ रोजी राष्ट्रीय महासंगणन अभियानांतर्गत पुणे, दिल्ली व कोलकाता येथील परम रुद्र प्रणालींचे लोकार्पण झाले. पुण्यातील प्रणाली जुन्नर तालुक्यातील खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या संशोधनासाठी आहे. अशा राष्ट्रीय प्रणालींसाठी स्वतंत्र तज्ज्ञ नेमलेले असतात. महाविद्यालयातील प्रयोगशाळा किंवा छोटा उद्योग हेच खुले सॉफ्टवेअर वापरतो, तेव्हा मांडणी तपासण्याचे काम बहुधा एखाद्या विद्यार्थ्यावर किंवा एकट्या कर्मचाऱ्यावर येते. तेथे पूर्वनिर्धारित मांडणीचे महत्त्व सर्वाधिक असते.

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ नुसार मालकाच्या परवानगीशिवाय संगणक किंवा संगणक जाळ्यात प्रवेश करणाऱ्यास भरपाई द्यावी लागते. हेच कृत्य अप्रामाणिकपणे केल्यास कलम ६६ नुसार तो गुन्हा ठरतो. दरवाजा उघडा होता, एवढ्याने परवानगी सिद्ध होत नाही. सर्ट-इन या राष्ट्रीय संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार, सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवणे आणि संगणक प्रणालींच्या नोंदी १८० दिवस जतन करणे बंधनकारक आहे.

उपाययोजना

जेरोम साल्ट्झर व मायकेल श्रोडर यांनी १९७५ मध्ये सुरक्षित रचनेची तत्त्वे मांडली. स्पष्ट परवानगी नसेल तर प्रवेश नाकारावा, हे त्यांतील एक तत्त्व होय. अनेक प्रकल्प उशिरा का होईना त्याकडे वळले. २०१६ मधील रेडिस ३.२ या आवृत्तीत पासवर्ड नसल्यास बाहेरच्या विनंत्या नाकारणारी संरक्षित अवस्था आली. जानेवारी २०१७ मध्ये असंख्य उघड्या मोंगोडीबी संचिका पुसून खंडणी मागितली गेली. त्यानंतर त्याच वर्षीच्या ३.६ आवृत्तीपासून मोंगोडीबी केवळ स्वतःच्या संगणकावरील विनंत्या ऐकू लागला. कुबरनेटीसमध्ये भूमिकेनुसार अधिकार देणारी पद्धत २०१७ मध्ये स्थिर झाली. तिचा प्रमाणीकरणरहित पोर्टही पुढे काढून टाकण्यात आला.

क्लस्टर उभारणाऱ्याने व्यवस्थापकाचा पोर्ट इंटरनेटवर उघडा नाही याची बाहेरून खात्री करणे, प्रमाणीकरण व कूटबद्धता चालू करणे, प्रत्येक कामाला आवश्यक तेवढाच अधिकार देणे आणि प्रत्येक नव्या आवृत्तीनंतर मांडणी पुन्हा तपासणे अपेक्षित असते. कुबरनेटीससाठी अमेरिकेच्या एनएसए व सीसा या संस्थांनी ऑगस्ट २०२१ मध्ये मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. अंतर्गत जाळेही अविश्वसनीय मानावे आणि त्यातील प्रत्येक विनंती तपासावी, हा शून्य विश्वास नावाचा विचार आता प्रचलित होत आहे.

हे सुद्धा पहा

महासंगणक
प्रगत संगणन विकास केंद्र
संगणक सुरक्षा
माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २०००