गांवची जाहिरात गांवांतून

जाहिरात म्हणजे मालाची फुशारकी, असा पुष्कळांचा समज असतो. तो अगदींच खोटा आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. परंतु माल कोठें व कोणाच्या हातून तयार होतो, हें परक्या मनुष्यास थोडक्यांत पटवून देणें हें तिचें खरें काम होय. हें काम मोबदला घेऊन करणाऱ्या संस्था मोठ्या शहरांतच वाढल्या, गिरगांवांतील बी. दत्ताराम आणि कंपनी ही १९०५ सालची. वर्तमानपत्रें, छापखाने व पेढ्या तेथेंच होत्या.

तथापि आडगांवींही हें साधतें, याचा दाखला जुना आहे. लोखंडी नांगरानें जमीन विषारी होते, अशी आरंभीं शेतकऱ्यांस धास्ती वाटे. अशा गिऱ्हाइकांसाठीं नांगर करणाऱ्या किर्लोस्करवाडीहूनच शंकरराव किर्लोस्करांनीं १९२० सालीं 'किर्लोस्कर खबर' हें कारखान्याचें पत्र काढलें. शेतकऱ्याची शंका ज्यास ठाऊक, त्यासच तिचें उत्तर लिहितां येतें. पुढें १९२९ त 'खबर' हा शब्द गळाला आणि तें सर्व महाराष्ट्राचें मासिक झालें. मालाची माहिती सांगावयास निघालेला कागद लोकांनीं आवडीनें विकत घ्यावा, ही कांहीं लहान गोष्ट नव्हे!

आतां संगणक व दूरध्वनी घरोघर आल्यानें शहराची अट सुटली असून तालुक्याच्या गांवींही अशा संस्था निघूं लागल्या आहेत. आमच्या डहाणूस तर त्यांची विशेष गरज आहे. धाकट्या डहाणूच्या किनाऱ्यावर मासळी वाळते. डहाणू-घोलवडच्या चिकूस २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. आणि चित्रें? गेरूनें सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठानें वारली सवाशिणी लग्नाचा चौक 'लिहितात'. काढतात असें त्या म्हणत नाहींत. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनीं ती कला जगापुढें नेली व २०११ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. त्याआधीं २०१० च्या दिवाळींत त्याच धाटणीच्या आकृति कोकाकोलाच्या जाहिरातींत झळकल्या होत्या. आदिवासी युवा सेवा संघाच्या खटपटीनें २०१४ सालीं या कलेसही मानांकन लाभलें. त्यानें नांव राखलें गेलें. पण जाहिरात शहरांत रचली जाते तोंवर तिचा मेहनताना शहरांतच राहणार.

गणिताच्या वहीच्या मागल्या पानावर चित्रें काढणाऱ्या मुलांस आम्ही आजवर दटावीत आलों. त्यांतील दोघातिघांस आतां जवळ बोलावून, चिकूच्या एका पेटीवर काय लिहावें तें बागवानासच विचारून या, असें सांगावयाचें आम्हीं ठरविलें आहे.