वैमानिकाची अभियोग्यता-चाचणी : गुण आणि दिशाशब्द

लष्करी वैमानिकांच्या निवडचाचणीत ‘स्पर्धात्मक गुण’ मिळवावयाचे म्हणजे नेमके काय साधावयाचे, हा प्रश्न सकृद्दर्शनी मानसशास्त्राच्या कक्षेतील वाटतो. परंतु चाचणीचे अंतरंग पाहिले असता भाषाभ्यासकानेही लक्ष घालावे असे तीत पुष्कळ आढळते. प्रस्तुत लेखात मुख्यतः अमेरिकी हवाई दलाच्या चाचणीच्या आधारे या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

या चाचण्यांचा पाया दुसऱ्या महायुद्धात घातला गेला. १९४१ मध्ये जॉन फ्लॅनगन यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकेत वैमानिकी मानसशास्त्राचा कार्यक्रम सुरू झाला. अल्पावधीत हजारो वैमानिक तयार करावयाचे होते. आणि प्रशिक्षणातून गळणाऱ्या प्रत्येक उमेदवारामागे शिक्षकाचे श्रम, विमानाचे तास व प्रसंगी प्राणही खर्ची पडत. अनेक चाचण्यांचे गुण एकत्र करून उमेदवारास १ ते ९ पैकी एक श्रेणी देण्यात येई. ‘स्टँडर्ड’ व ‘नाइन’ या दोन शब्दांच्या संयोगातून तिला ‘स्टॅनाइन’ हे नाव पडले. वरच्या श्रेणीतील उमेदवारांत गळती अल्प व तळच्या श्रेणीत फार मोठी असल्याचे आढळून आल्यामुळे चाचणीचे मोल सिद्ध झाले.

आजच्या ‘एअर फोर्स ऑफिसर क्वालिफायिंग टेस्ट’मध्येही तीच परंपरा दिसते. २०१५ मध्ये आलेल्या तिच्या ‘टी’ आवृत्तीत १२ उपचाचण्या आहेत. त्यांपैकी गणितज्ञान, कोष्टकवाचन, उपकरण-आकलन व वैमानिकी माहिती या चारांवरून ‘वैमानिक’ गुणांक काढतात. हा गुणांक, संगणकावरील काठी व पायपट्ट्यांची चाचणी आणि उड्डाणाचे तास यांच्या मेळातून १ ते ९९ असा अंतिम निवडगुणांक सिद्ध होतो.

येथे एक सार्वत्रिक गैरसमज दूर केला पाहिजे. या चाचणीतील ७० हा आकडा शंभरांपैकी सत्तर उत्तरे बरोबर आली असे सांगत नाही. तो शततमक, म्हणजे आपल्या प्रवेशपरीक्षांतील परिचित ‘पर्सेंटाइल’ होय. प्रमाणभूत गटातील सुमारे ७० टक्के उमेदवार आपल्या मागे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. ‘टी’ आवृत्तीसाठी वैमानिक गुणांकाची किमान मर्यादा २५ ठरविलेली होती. पण किमान मर्यादा म्हणजे उंबरठा. जागा मोजक्या असताना निवड होते ती उंबरठ्यापासून पुष्कळ आत पोहोचलेल्यांची. म्हणून ‘स्पर्धात्मक’ हे विशेषण कोणत्याही स्थिर आकड्याचे वाचक नाही. त्या वर्षीचे प्रतिस्पर्धी आणि जागा यांवर त्याचा अर्थ अवलंबून असतो.

आता भाषेकडे वळू. दिशावाचक शब्द दोन प्रकारचे असतात. ‘डावा-उजवा’ हे बोलणाऱ्याच्या देहाशी बांधलेले. देह वळला की त्यांचा अर्थही वळतो. ‘उगवत-मावळत’ किंवा ‘पूर्व-पश्चिम’ हे भूमीशी बांधलेले. माणूस कसाही वळो, ते ढळत नाहीत. वैमानिकास या दोन व्यवस्थांमध्ये क्षणार्धात ये-जा करावी लागते. विमान दक्षिणेकडे चालले असता पूर्वेची जागा डाव्या हातास येते. हे उत्तर काढण्यास लागणारा वेळच संगणकीय चाचणीत मोजला जातो. उपकरण-आकलनातही असेच आहे. विमान उजवीकडे कलले की कृत्रिम क्षितिजाची रेषा डावीकडे झुकलेली दिसते. कलले आहे ते क्षितिज नव्हे, आपण स्वतः, हे ज्याच्या मनात पक्के आहे त्यालाच योग्य चित्र झटकन निवडता येते. कारण येथे २५ प्रश्नांस अवघी ५ मिनिटे, आणि कोष्टकवाचनात ४० प्रश्नांस ७ मिनिटे मिळतात.

यावरून तयारीची दिशा स्पष्ट होते. गणित व वैमानिकी माहिती अभ्यासाने वाढते. त्यात संकोच मानण्याचे कारण नाही. दिशांतर आणि कोष्टकवाचन यांचा सराव घड्याळ लावूनच करावा. चुकीच्या उत्तरास या चाचणीत गुण कापले जात नाहीत. तेव्हा वेळ संपण्यापूर्वी कोणताही प्रश्न कोरा ठेवू नये. सरावाने नवखेपणाची अडचण दूर होते आणि जी अभियोग्यता मूळची आहे ती निर्वेधपणे प्रकट होते.

आपल्याकडे हा प्रश्न अधिक नाजूक आहे. भारतीय हवाई दलाची संगणकीय वैमानिक-निवड चाचणी उमेदवारास दीर्घकाळ आयुष्यात एकदाच देता येत असे; तीत अनुत्तीर्ण झालेल्यास उड्डाणशाखेचे द्वार कायमचे बंद होई. खडकवासल्याच्या प्रबोधिनीचे स्वप्न पाहणाऱ्या मराठी शाळेतील मुलास चाचणीच्या सूचना परभाषेत समजून घ्याव्या लागल्या, तर भाषांतरात गेलेला क्षण त्याच्या अभियोग्यतेच्या खाती उणा पडतो. यंत्र विलंब मोजते. विलंबाचे कारण ते विचारीत नाही. म्हणून अशा विद्यार्थ्याने दिशा, कल, वेग व उंची यांचे इंग्रजी शब्द केवळ पाठ न करता हालचालीशी जोडून आत्मसात करावेत. शब्द ऐकताच हात वळला पाहिजे. शिक्षकांनी ही तयारी शालेय वयातच करून घेतली, तर त्या मोलाच्या संधीत मुलाची कसोटी भाषेवर न लागता त्याच्या अंगच्या गुणांवर लागेल.