अध्यक्षपदाची उमेदवारी आणि कॉकस पद्धती : आयोवा राज्याच्या संदर्भात

भारतात 'कॉकस' हा शब्द आणीबाणीच्या काळापासून (१९७५-७७) सत्ताधीशाभोवतीच्या कंपूसाठी रूढ झाला. अमेरिकेतही १८२४ पर्यंत काँग्रेसमधील पक्षसदस्यांचा कॉकस अध्यक्षपदाचे उमेदवार सुचवीत असे. आज मात्र तेथे या शब्दाने पक्षाच्या सामान्य सदस्यांची मतदान-विभागनिहाय सभा अभिप्रेत असते. प्रस्तुत लेखात अशा सभेच्या कार्यपद्धतीचा परामर्श घेतला आहे.

१९६८ च्या शिकागो अधिवेशनातील संघर्षानंतर डेमोक्रॅटिक पक्षाने प्रतिनिधी-निवडीचे नियम बदलले आणि १९७२ मध्ये आयोवाचे कॉकस देशात आघाडीवर आले. 'प्रायमरी'मध्ये मतदार दिवसभरात सवडीने गुप्त मतदान करतो. कॉकससाठी मात्र ठरलेल्या संध्याकाळी शाळेत वा चर्चमध्ये प्रत्यक्ष उपस्थित राहावे लागे. २०२० पर्यंत डेमोक्रॅटिक सदस्य आपापल्या उमेदवाराच्या गटात उघडपणे उभे राहत. सामान्यतः १५ टक्के पाठिंबा न मिळालेल्या गटातील सदस्यांना इतर गटांकडे वळता येई. शेजारीच शेजाऱ्याचे मन वळवीत असे. या पद्धतीचे खरे सामर्थ्य येथे आहे. परंतु रात्रपाळीची परिचारिका किंवा तान्ह्या मुलाची आई या चर्चेबाहेरच राहते, हा दोष किरकोळ मानता येणार नाही.

शिवाय कॉकसमधून थेट उमेदवार नव्हे, तर वरच्या अधिवेशनांसाठी प्रतिनिधी निवडले जातात. त्यामुळे 'विजयी कोण?' हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. २०१२ मध्ये रिपब्लिकन पक्षाच्या गुप्त मतदानात प्रथम मिट रॉम्नी ८ मतांनी पुढे असल्याचे जाहीर झाले. अंतिम मोजणीत रिक सँटोरम ३४ मतांनी पुढे निघाले. राष्ट्रीय अधिवेशनात मात्र आयोवाच्या बहुसंख्य प्रतिनिधींनी रॉन पॉल यांना मते दिली! २०२० मध्ये मोबाइल ॲपच्या बिघाडामुळे डेमोक्रॅटिक निकाल रखडले. अखेर प्रतिनिधींच्या हिशेबात पीट बुटिजेज, तर मतांच्या हिशेबात बर्नी सँडर्स आघाडीवर राहिले.

२०२४ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाने पसंती टपालाने मागविली आणि निकाल ५ मार्च रोजी जाहीर केला. रिपब्लिकन पक्षाने जुनी रीत कायम ठेवली. १५ जानेवारीच्या कडाक्याच्या थंडीत सुमारे १ लाख १० हजार सदस्य सभांना आले. २०१६ मध्ये ही संख्या १ लाख ८६ हजारांहून अधिक होती.