धाग्यांची वाट – भाग ९ : मागच्या बाजूने ओढलेलं सोनं

मागच्या भागात आपण लोकरीचं भरतकाम पाहिलं. आज रेशीम आणि सोनं.

तेराव्या-चौदाव्या शतकात लंडनच्या कारखान्यांत चर्चमधल्या उपासनेच्या वस्त्रांवर जे भरतकाम व्हायचं, ते युरोपभर ‘ओपस अँग्लिकानुम’, म्हणजे ‘इंग्रजी काम’, एवढ्याच नावाने ओळखलं जाई. पोपच्या खजिन्यातल्या चीजवस्तूंची १२९५ साली यादी झाली, तेव्हा या कामाची नोंद तीत शंभराहून अधिक वेळा आली. रोमला सोन्याची किंवा कारागिरांची वाण नव्हती. तरीही पोपना हे इंग्लंडचंच हवं असे, आणि त्याचं उत्तर मला एका टाक्यात दिसतं.

आपल्या जरदोजीत जर कापडावर ठेवतात आणि वरून बारीक दोऱ्याने टाचतात. टाचणारा दोरा जरीच्या अंगावर राहतो. इंग्लंडमधल्या या कामात साहित्य जवळपास तेच होतं: रेशमी दोऱ्यावर गुंडाळलेली, सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची चपटी तार. आपली कलाबूतच म्हणा ना. टाका मात्र वेगळा. लिननचा मजबूत दोरा सुईने खालून वर आणायचा, जरीवरून घ्यायचा आणि जिथून तो वर आला त्याच छिद्रातून परत खाली न्यायचा. मग हलकेच ओढायचा. त्या ओढीने जरीचा अगदी इवलासा फासा कापडातून मागे उतरतो आणि तिथे लिननच्या दोऱ्यात अडकून बसतो. वरून पाहणाऱ्याला फक्त सोनं दिसतं. टाचणारा दोरा पुढे नसल्यामुळे तो घासला जात नाही, तुटत नाही. सातशे वर्षं ही जर जागच्या जागी राहिली याचं मोठं कारण हे आहे.

दुसरा फायदा मला याहून मोलाचा वाटतो. जर जिथे जिथे मागे ओढली जाते, तिथे तिथे एक बिजागरी तयार होते आणि धातूने भरलेलं कापड वाकतं. ‘कोप’ हा खांद्यावरून पांघरायचा, अर्धवर्तुळाकार, पायघोळ झगा. बिशप तो घालून मिरवणुकीत चालणार, गुडघे टेकणार, हात उंचावणार. सोनं ताठ राहिलं असतं तर झगा अंगावर पुठ्ठ्यासारखा उभा राहिला असता. इथे तो चुण्यांनी खाली ओघळतो आणि मेणबत्त्यांच्या उजेडात प्रत्येक चुणीवर सोनं वेगळं चमकतं. शिवाय हे फासे कुठे ओढायचे ते मोजून ठरवलं, की नुसत्या सोन्याच्या पृष्ठावर नागमोडी पट्टे किंवा शंकरपाळ्यांची नक्षी उमटते. रंग न वापरता काढलेली नक्षी!

चेहऱ्यांना सोनं चालत नसे. तिथे बारीक रेशीम आणि दोऱ्याच्या मधोमध सुई घालत, दोरा चिरत पुढे जाणारा टाका. गालावर हे टाके गोल गोल फिरवत नेले जात. त्यामुळे सपाट कापडावरचा गाल फुगीर दिसतो.

१२४६ सालची एक हकीकत सेंट ऑल्बन्सच्या मठातला इतिहासकार मॅथ्यू पॅरिस याने लिहून ठेवली आहे. पोप इनोसंट चौथे यांनी इंग्लंडहून आलेल्या धर्मगुरूंच्या अंगावर हे जरीकाम पाहिलं, ते कुठलं याची चौकशी केली आणि इंग्लंडमधल्या सिस्टर्शियन मठाधिपतींना तसं काम पाठवण्याचा हुकूम सोडला. मॅथ्यूला ही हाव रुचली नाही. लंडनच्या व्यापाऱ्यांना मात्र त्याचं वाईट वाटलं नाही, हेही त्याने नोंदवलं आहे. माल त्यांच्याकडे होता आणि भाव तेच ठरवणार होते.

करणाऱ्यांची नावं फार थोडी उरली. बरी सेंट एडमंड्सची मेबल ही त्यातली एक. तिने राजा तिसरा हेन्री याच्यासाठी काम केलं आणि राजाच्या हिशेबांत ती पुन्हा पुन्हा भेटते. पुढे १२५६ मध्ये राजा तिच्या गावी गेला, तेव्हा त्याने तिला झग्यासाठी कापड आणि फर द्यायला सांगितलं. याच राजाच्या काळात वेस्टमिन्स्टरच्या मुख्य वेदीसाठी एक भरजरी पडदा झाला. चार बायका त्यावर पावणेचार वर्षं बसल्या होत्या. एकूण खर्च २८० पौंड, त्यात त्यांची मजुरी ३६. बाकी सगळं सोनं, मोती, रत्नं आणि इतर साहित्य. हे आकडे वाचले की मला त्या चौघींच्या डोळ्यांची आठवण होते.

हा पडदा आज नाही. १३४८ च्या प्लेगनंतर हात कमी झाले, काम घाईचं झालं. आकृत्या वेगळ्या भरून मखमलीवर शिवण्याची पद्धत रूढ झाली आणि मागे ओढायचा टाका मागे पडला. पण खरा घाला सोळाव्या शतकातला. इंग्लंड रोमपासून तुटलं, मठ बंद झाले आणि जुनी उपासनावस्त्रं अंधश्रद्धेची खूण ठरली. मौल्यवान धातू परत मिळावा म्हणून कितीतरी वस्त्रं जाळली गेली. म्हणूनच या कामाचे उत्तम नमुने आज इटलीत पिएन्झा, बोलोन्या, आस्कोली पिचेनो इथे आणि स्पेनमध्ये टोलेडोला पाहावे लागतात. आस्कोलीचा कोप पोप निकोलस चौथे यांनी १२८८ मध्ये तिथल्या कॅथीड्रलला दिला होता. १९०२ मध्ये तो चोरीला गेला, अमेरिकन धनाढ्य जे. पी. मॉर्गन यांनी तो विकत घेतला आणि उलगडा झाल्यावर इटलीला परत केला.

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातला सायन कोप साधारण १३१० ते १३२० च्या दरम्यानचा. रुंदी जवळपास तीन मीटर, आणि मूळ लिनन कुठेही दिसू नये इतकं दाट भरलेलं काम. त्यावर ड्रॅगनला भाला खुपसणारा संत मायकेल आहे, चाकांवर उभे सहा पंखांचे देवदूत आहेत. सायन मठाच्या जोगिणी १५५९ मध्ये देश सोडून निघाल्या. कोप त्यांच्याबरोबर गेला असं मानतात. नेदरलँड्स, फ्रान्स असं भटकून १५९४ मध्ये त्या लिस्बनला स्थिरावल्या. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोप इंग्लंडला परतला आणि १८६४ मध्ये संग्रहालयात आला.

त्याच संग्रहालयात बटलर-बाउडन कोप आहे, तांबड्या मखमलीवरचा. त्याचे पूर्वी तुकडे करून वेगवेगळी छोटी वस्त्रं शिवली गेली होती. नंतर ते तुकडे जुळवून पुन्हा झगा उभा केला. जोड नीट दिसतात, आणि मला ते लपवलेले नाहीत हेच योग्य वाटतं. या संग्रहालयात कधी गेलात, तर आधी याच्यासमोर थांबा आणि मग सायन कोपकडे वळा. मखमलीवरचं काम आणि संपूर्ण भरलेलं काम यांतला फरक लगेच कळेल.

पुढच्या भागात फ्लॉरेन्स. १४६६ मध्ये तिथल्या बाप्तिस्मागृहासाठी चित्रकार पोलायुओलोच्या आराखड्यांवरून भरतकाम सुरू झालं. त्यात सोन्याचे दोरे आडवे पसरून त्यांवर रंगीत रेशमाने चित्रं रंगवली गेली.