बैठकीच्या निमंत्रणाला उत्तर

ई-मेलवर आलेल्या बैठकीच्या निमंत्रणात तारीख, वेळ, ठिकाण आणि आयोजकाचा पत्ता ठरावीक रचनेत असतो. ही ‘आयकॅलेंडर’ रचना 1998 मध्ये प्रमाण म्हणून प्रसिद्ध झाली. म्हणूनच आउटलुकवरून पाठवलेले निमंत्रण जीमेललाही कळते.

उत्तरे तीन: होय, नाही, कदाचित. बटण दाबले की उत्तर आयोजकाकडे जाते आणि त्याच्या यादीत नावापुढे नोंद होते. आउटलुकमध्ये उत्तर न पाठवताही निमंत्रण स्वीकारता येते. मग आयोजक अंधारातच राहतो. हा पर्याय टाळलेलाच बरा. वेळ जमत नसेल तर दुसरी सुचवता येते. दर आठवड्याच्या बैठकीला नकार देताना तो एका दिवसापुरता आहे की सगळ्याच बैठकांना, हे नीट पाहावे.

नकार वेळेत कळवणे का महत्त्वाचे, याचे एक उदाहरण. जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाची महाविद्यालये जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांत पसरली आहेत. बैठक जळगावला असेल, तर धुळ्याहून अंतर सुमारे 90 किलोमीटर. एवढ्या अंतरावर वेळेत कळवलेला नकारही मोलाचा असतो: गणपूर्ती होणार नसेल तर बैठक आधीच पुढे ढकलता येते, बाकीच्यांचा हेलपाटा वाचतो. येणे जमणार नसेल, तर ‘नाही’ एवढे तरी निमंत्रण आले त्याच दिवशी कळवावे.